पिशवीवरची इंग्रजी आणि पुस्तकातली इंग्रजी

लातूर जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या घरात मृगाच्या सुमारास इंग्रजीचा एक कागद दरवर्षी नेमाने येतो. सोयाबीनच्या बियाण्याच्या पिशवीच्या तोंडाला तो शिवलेला असतो. बियाणे प्रमाणित असेल तर त्याचा रंग निळा आणि सत्यप्रत असेल तर हिरवा. १९६६ सालचा बियाणे कायदा आणि त्याखालील नियम यांनी या टॅगवर काय असावे हे ठरवून दिले आहे: वाणाचे नाव, लॉट नंबर, चाचणीची तारीख, मुदत, भौतिक शुद्धता आणि किमान उगवणशक्ती. सोयाबीनची किमान उगवणशक्ती ७० टक्के असली पाहिजे, असा दंडक आहे. हा सारा मजकूर बहुधा इंग्रजीत असतो. पेरणीच्या घाईत दोरा ओढला जातो, पिशवी मोकळी होते आणि टॅग बांधावर पडून राहतो. पुढे शेत उगवले नाही की तोच कागद शोधण्याची वेळ येते. कारण तालुक्याच्या तक्रार निवारण समितीपुढे पावती, पिशवी, टॅग आणि लॉट नंबर यांवाचून शेतकऱ्याचे म्हणणे उभे राहत नाही.

२०२० च्या खरिपात मराठवाड्यात नेमके हेच घडले. सोयाबीन उगवले नाही, दुबार पेरणीची पाळी आली आणि तक्रारींचा ढीग पडला. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला या प्रश्नाची स्वतःहून दखल घ्यावी लागली. शेतकऱ्याच्या त्या गाऱ्हाण्याचा विचार जेथे झाला, त्या न्यायालयाची भाषाही संविधानाच्या ३४८व्या अनुच्छेदान्वये इंग्रजीच आहे. म्हणजे बियाणे आले ते इंग्रजी कागदासह आणि त्याविषयीचा निवाडा झाला तोही इंग्रजीतच. मधल्या जागेत उभा असलेला माणूस मात्र मराठी बोलणारा.

या माणसाच्या घरात आज बहुधा एक दहावी झालेला मुलगा किंवा मुलगी असते. राज्यात इंग्रजी पहिलीपासून शिकवण्याचा निर्णय २००० साली अमलात आला. तेव्हा या मुलाने पुरी दहा वर्षे हा विषय घेतलेला असतो. तरीही टॅग हातात दिला असता ‘व्हॅलिड अप टू’ म्हणजे काय, हे त्याला बापाला खात्रीने सांगता येत नाही. दहा वर्षांच्या शिक्षणानंतर अंगणात पडलेला दहा ओळींचा कागद वाचता येत नसेल, तर ते शिक्षण कोणाच्या उपयोगाचे, हा प्रश्न शिक्षणतज्ज्ञांवर सोपवून मोकळे होण्यासारखा नाही. तो राजकीय प्रश्न आहे.

याचा दोष मुलाच्या बुद्धीला देता येणार नाही. सोयाबीनच्या सौद्यात बापाबरोबर आडतीवर गेलेला मुलगा ‘मॉइश्चर’ हा शब्द चांगला ओळखतो. हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याचा आकडा चढला की माल परत येतो, हे त्याने पाहिलेले असते. ‘लॉट’, ‘डॅमेज’, ‘स्प्रे’, ‘ड्रिप’, ‘सबसिडी’, ‘प्रीमियम’ हे शब्द औसा, निलंगा, अहमदपूर, उदगीर या तालुक्यांतील कोणत्याही खेड्यात चहाच्या टपरीवर कानी पडतात. मुलाच्या पदरी इंग्रजी शब्दांची अशी मोठी शिदोरी आधीच असते. शाळेला मात्र तिची वार्ता नसते. शाळा त्याला काहीच येत नाही असे गृहीत धरते आणि कोणत्याही गावात न बोलली जाणारी, कोणत्याही कागदावर न सापडणारी इंग्रजी शिकवू लागते. न काढलेल्या सहलीचे वर्णन करावे, कधीही न पाठवायचे पत्र संपादकास लिहावे, कर्तरी प्रयोगाचे कर्मणी प्रयोगात रूपांतर करावे आणि हे सारे गाईडातून पाठ करून उत्तरपत्रिकेत उतरवावे, असा तो क्रम आहे. अलीकडच्या पाठ्यपुस्तकांत आणि कृतिपत्रिकांत सूचनाफलक, माहितीपत्रक, बातमी हे प्रकार आले आहेत हे खरे. परंतु ते परीक्षेसाठी रचलेले असतात आणि त्यांचीही साचेबंद उत्तरे बाजारात मिळतात.

लातूरच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. दहावी-बारावीच्या गुणवत्ता यादीपासून वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांपर्यंत ‘लातूर पॅटर्न’चे नाव राज्यभर झाले. खेड्यापाड्यांतील अनेक मुले त्या वाटेने डॉक्टर-इंजिनिअर झाली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु मराठी माध्यमातून दहावी झालेले मूल अकरावीच्या विज्ञानवर्गात येते तेव्हा एका उन्हाळ्यात त्याची भाषा बदलते. ज्यांच्या पालकांजवळ शिकवणीचे पैसे असतात ते हा बदल निभावून नेतात. जे निभावू शकत नाहीत ते आपण गणितात किंवा जीवशास्त्रात कच्चे आहोत असे समजून गप्प बसतात. त्यांचे कच्चेपण विषयातले नसून वाक्यातले होते, हे त्यांना कोणी सांगत नाही. ज्यांना वैद्यकीय प्रवेश घ्यायचाच नाही, जे शेती, दुकान, गॅरेज, पतसंस्था येथे राहणार आहेत, त्या बहुसंख्य मुलांच्या इंग्रजीचा विचार तर कोणत्याच पॅटर्नमध्ये नाही.

मराठवाड्याच्या इतिहासाकडे पाहिले तर ही स्थिती नवी नाही, हे ध्यानात येते. कागदाची भाषा आणि माणसाची भाषा येथे सहसा एक नव्हती. निजामी अमलात दरबारी भाषा आधी फारसी होती, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिची जागा उर्दूने घेतली आणि उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे निघाले. गावच्या पातळीवर कुलकर्ण्याचे दप्तर आणि सावकाराचे रोखे मोडीत असत. कुणब्याला यांतले काहीच वाचता येत नव्हते. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आणि अंबाजोगाईचे योगेश्वरी विद्यालय यांनी मराठीतून शिक्षण देण्याचा ध्यास घेतला, तो याच पार्श्वभूमीवर. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. पण शेतकऱ्याच्या हातातील कागद पुरता त्याचा झाला नाही. बियाणे, औषध, यंत्र, विमा आणि वरचे न्यायालय यांच्याबरोबर इंग्रजी त्याच्या ओसरीवर येऊन बसली.

इंग्रजी अमलाखालील पुणे जिल्ह्यात १८७५ साली सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे हिसकावून जाळले. पुढे ते बंड आसपासच्या मुलखात पसरले. त्या रोख्यांत काय लिहिले आहे हे ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांच्यापुढे दुसरा मार्ग कोणता होता? त्यानंतर सात वर्षांनी, १८८२ साली, जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे आपले निवेदन ठेवले. शेतकऱ्यांच्या मुलांच्या प्राथमिक शाळेत काय शिकवावे हे सांगताना त्यांनी मोडी आणि बालबोध यांचे लेखन-वाचन, हिशेब, शेतीचे प्राथमिक ज्ञान, आरोग्य या गोष्टींचा आग्रह धरला. बालबोध ही पुस्तकाची लिपी होती आणि मोडी ही कागदपत्राची. केवळ पोथीपुस्तक वाचून शेतकऱ्याचे पोर सुटणार नाही, ज्या लिपीत त्याच्या बापाचे कर्ज लिहिले जाते ती लिपी त्याला आली पाहिजे, हा या मागणीचा अर्थ होतो. आज मोडीच्या जागी इंग्रजी आली आहे. फुल्यांच्या मागणीचा पूर्वार्ध शाळेने मान्य केला, उत्तरार्ध मात्र अजून बाकी आहे.

मग करावे काय? उपाय खर्चाचा नाही. रिकाम्या पिशव्या, जुने टॅग, खताच्या गोण्या, कीटकनाशकांसोबत येणारी घडीपत्रके, औषधाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटे, पंपाची हमीपत्रे, रेल्वेचे वेळापत्रक हे सारे गावातच पडलेले असते. ते वर्गात आले पाहिजे. कीटकनाशकाचे डबे व बाटल्या मुलांच्या हाती कदापि देता कामा नयेत. तेथे पत्रक किंवा फळ्यावर उतरवून घेतलेला मजकूर पुरेसा आहे.

यातून पाठ कसा होतो, ते पाहावे. बियाण्याचा टॅग घेऊन पाचवीच्या मुलाला फक्त दोन गोष्टी शोधण्यास सांगता येतील: तारीख आणि लॉट नंबर. सातवीच्या मुलांना दोन टॅग देऊन कोणत्या बियाण्याची मुदत आधी संपते हे विचारता येईल. नववीत याच टॅगवरच्या ‘मिनिमम जर्मिनेशन’ या शब्दांवर थांबून प्रयोग करता येईल. शंभर दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडावेत, गुंडाळी करून सावलीत ठेवावी, गोणपाट ओले राखावे आणि आठवड्याने कोंब मोजावेत. कृषी खाते शेतकऱ्यांना पेरणीपूर्वी हीच चाचणी घरी करण्यास सांगत असते. सत्तरांहून कमी दाणे उगवले तर टॅगवरचा शब्द आणि पिशवीतला माल यांच्यात तफावत असण्याचा संभव आहे, हे मुलाच्या लक्षात येते. मग ‘मिनिमम’ हा शब्द त्याला पाठ करावा लागत नाही. तो त्याच्या वडिलांच्या हंगामाशी बांधलेला असतो.

खताच्या गोणीचेही तसेच. ‘दहा-सव्वीस-सव्वीस’ हे शब्द ज्याच्या तोंडी नाहीत असा शेतकरी लातूर-नांदेडकडे विरळा. हे आकडे नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे टक्के आहेत, हे गोणीवर इंग्रजीत छापलेले असते. पन्नास किलोच्या गोणीत नत्र पाच किलो आणि स्फुरद व पालाश प्रत्येकी तेरा किलो, म्हणजे गोणीचे उरलेले वजन तिसऱ्याच द्रव्यांचे, हा हिशेब सहावीच्या मुलाला येतो. एका पाठात इंग्रजी, गणित आणि विज्ञान ही तिन्ही एकत्र येतात.

कीटकनाशकाच्या वेष्टनावरील चौकोनातला रंगीत त्रिकोण हा तर जीवनमरणाचा पाठ आहे. लाल म्हणजे अत्यंत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा; पहिल्या दोहोंवर ‘पॉयझन’, निळ्यावर ‘डेंजर’, हिरव्यावर ‘कॉशन’. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी-शेतमजुरांचा मृत्यू झाला. त्याची कारणे अनेक होती आणि केवळ वाचता न येण्यावर त्या मृत्यूंचा भार टाकणे हा मृतांवर अन्याय ठरेल. परंतु हे तीन शब्द फवारणाऱ्या हातांना ठाऊक असले पाहिजेत, याविषयी दुमत नसावे. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी इंग्रजी आणि हिंदीबरोबर प्रादेशिक भाषेतील मजकूरही सक्तीचा केला आहे. तो डोळ्यांना दिसू नये इतक्या बारीक टायपात छापलेला असतो, ही गोष्ट वेगळी. पण शिक्षकाच्या दृष्टीने हे पत्रक म्हणजे फुकट मिळालेला द्विभाषिक कोश आहे. तोच मजकूर मराठीत आणि इंग्रजीत एकाच कागदावर आहे. मुलाने एक ओळ मराठीत वाचावी आणि तिची जोडीदारीण इंग्रजीत शोधावी. मराठी भाषांतर कोठे चुकले आहे हे जेव्हा त्याला सापडेल, तेव्हा त्याचे इंग्रजीचे भय निम्मे ओसरलेले असेल.

अस्सल कागद मुलांना कठीण जातील, असा आक्षेप घेतला जातो. त्याला भारतातच उत्तर मिळालेले आहे. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी बंगलोर आणि मद्रास भागातील काही साध्या शाळांमध्ये एक प्रयोग केला. व्याकरणाचे नियम आणि पाठांतर बाजूला ठेवून त्यांनी मुलांपुढे रेल्वेची वेळापत्रके, नकाशे, आराखडे ठेवले आणि त्यांतून प्रश्न सोडवण्यास सांगितले: अमुक गाडी चुकली तर त्याच दिवशी पोहोचता येईल काय? मुलांचे लक्ष प्रश्नावर राहिले आणि भाषा त्या ओघात अंगवळणी पडू लागली. या प्रयोगाची चिकित्सा जगभर झाली, त्याच्या मर्यादाही दाखवल्या गेल्या. त्यातला एक धडा मात्र टिकून आहे. कागद तोच ठेवावा आणि काम मुलाच्या वयाप्रमाणे सोपे वा अवघड करावे. टॅगवरील प्रत्येक शब्द पाचवीच्या मुलाला समजलाच पाहिजे असे नाही. त्याला विचारलेले तेवढे सापडले म्हणजे झाले.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘अस्सल साहित्य वापरा’ हा मंत्र भाषाशिक्षणात आज जुना झाला आहे आणि मोठ्या शहरांतील शाळांनी तो आपापल्या परीने अमलात आणला आहे. त्यांच्या वर्गात उपाहारगृहांची पदार्थपत्रिका, विमानाची तिकिटे, परदेशी वृत्तपत्रांची कात्रणे येतात. ते साहित्य अस्सल आहे, पण कोणाच्या जीवनातले? लातूरच्या जिल्हा परिषद शाळेतील मुलाला लंडनच्या उपाहारगृहाची पत्रिका वाचायला लावणे आणि डॅफोडिल्सची कविता पाठ करायला लावणे यांत तत्त्वतः फरक नाही. दुसरा धोका बाजाराचा आहे. कागद वर्गात आणताना कंपनीची जाहिरातही मागच्या दाराने आत येते. तेव्हा जाहिरात आणि टॅग शेजारी शेजारी ठेवावेत आणि जाहिरातीत जे मोठ्या अक्षरांत आहे ते टॅगवर आहे काय, हे मुलांनाच तपासायला सांगावे. असा वर्ग ग्राहक घडवत नाही, नागरिक घडवतो.

शिक्षकांवर आणखी एक ओझे कशाला, असेही म्हटले जाईल. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला सर्वेक्षणे, मतदारयाद्या आणि माहिती भरण्याची कामे यांनी आधीच बेजार केले आहे, हे सत्य आहे. त्याच्या माथी नवा अहवाल मारू नये. उलट परीक्षेच्या कृतिपत्रिकेत एक प्रश्न अशा खऱ्या कागदावर आला, तरी वर्गातील वेळ आपोआप तिकडे वळेल. कारण आपली शाळा परीक्षेच्या मागून चालते. ही मागणी शिक्षक संघटनांनी आणि पालकांनी मिळून केली पाहिजे.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र समाजवादी विचाराच्या आतूनच येईल, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. हे कागद इंग्रजीत असावेतच का? महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ सालचा आहे. शेतकऱ्याला विकल्या जाणाऱ्या वस्तूवरचा मजकूर मराठीत हवा, अशी मागणी करण्याऐवजी मुलांना इंग्रजी वाचायला शिकवणे म्हणजे अन्यायाशी जुळवून घेणे नव्हे काय? राममनोहर लोहिया यांचा इंग्रजीला विरोध ती परकी म्हणून नव्हता. ती या देशात सरंजामी सत्तेचे साधन बनली, मूठभरांना आत घेऊन कोट्यवधींना बाहेर ठेवू लागली, म्हणून होता. जर्मनीत डॉक्टरेट मिळवलेल्या या माणसाला परभाषेचे वावडे नव्हते. त्याच विचाराने १९६७ साली बिहारचे शिक्षणमंत्री असताना कर्पूरी ठाकूर यांनी मॅट्रिकला इंग्रजीत उत्तीर्ण होण्याची सक्ती काढून टाकली. गरिबांच्या असंख्य मुलांना, विशेषतः मुलींना, त्यामुळे पुढचे दार उघडले. उच्चवर्णीयांनी त्याची टिंगल केली. पण त्या अनुभवाने आणखी एक गोष्टही दाखवली. मॅट्रिकच्या दारातला अडसर निघाला तरी कचेरीच्या, न्यायालयाच्या आणि कारखान्याच्या दारातला तसाच राहिला, आणि श्रीमंतांच्या मुलांनी इंग्रजी सोडली नाही. भिंत पाडण्याचे काम अर्धे झाले असता भिंतीवर चढण्याची शिडी गरिबाच्याच हातून जाते, हा त्यातला पेच आहे.

या पेचातून सुटण्याची वाट याच कागदातून जाते. खरा कागद वर्गात आला म्हणजे तो वाचता वाचता मुलाच्या मनात प्रश्न उभा राहतोच: हे मराठीत का नाही? पाठ्यपुस्तकातील धड्याबाबत हा प्रश्न कधी उद्भवत नाही. कारण तो धडा इंग्रजीतच असणे स्वाभाविक वाटते. टॅगच्या बाबतीत मात्र त्या भाषेचे अस्वाभाविकपण उघडे पडते. ज्या वर्गाने टॅग वाचला तो वर्ग कंपनीला आणि कृषी अधिकाऱ्याला पत्र लिहू शकेल, आणि ‘संपादकास पत्र’ या निर्जीव प्रश्नाला प्रथमच जीव येईल. एक प्रत मराठीत, एक इंग्रजीत. इंग्रजी वाचता येणे आणि मराठीचा हक्क मागणे या परस्परविरोधी गोष्टी नाहीत. पहिली आल्याखेरीज दुसरीसाठी पुरावा हाती येत नाही.

ब्राझीलच्या ईशान्य भागातील आंझिकोस या गावी १९६३ साली पावलो फ्रेरे यांनी सुमारे तीनशे श्रमिकांना अवघ्या चाळीस तासांच्या वर्गांत अक्षरओळख करून दिली. त्यांनी शब्द निवडले ते त्या माणसांच्या रोजच्या कामातले. तेव्हा त्या देशात निरक्षराला मत नव्हते, त्यामुळे वाचता येणे आणि मतदार होणे एकच होते. पुढच्याच वर्षी लष्कराने सत्ता बळकावली आणि फ्रेरे यांना आधी तुरुंगात व नंतर देशाबाहेर जावे लागले. श्रमिकाला त्याच्याच जीवनातील शब्द वाचायला शिकवणे सत्ताधाऱ्यांना किती धोक्याचे वाटते, हे त्यावरून कळते.

कार्यकर्त्यांनी याकरिता शासनाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक गावात दहावी-बारावी झालेली दोन-चार मुले-मुली असतात. यंदाच्या पेरणीपूर्वी त्यांना घेऊन संध्याकाळचा तासभराचा वर्ग समाजमंदिरात भरवता येईल. गावात आलेले टॅग, पत्रके, विम्याचे व कर्जाचे कागद एकत्र करावेत. जे इंग्रजीत आहे ते मोठ्याने वाचून त्याचा मराठी अर्थ फळ्यावर लिहावा आणि प्रत्येक घरचा लॉट नंबर वहीत नोंदवून ठेवावा. पाऊस पडून पंधरा दिवस झाल्यावर ती वही पुन्हा उघडावी. ज्यांचे शेत उगवले नसेल त्यांची तक्रार त्या वहीतल्या नोंदीसह, त्याच मुलांच्या हस्ताक्षरात, तालुक्याला जावी.